पात्यावरचं कुंकू

"तानीबाई, तुमी जरा बाहेर थांबा हां," शेखर मान खाली घालूनच म्हणाला. "पूजा आटपली का बोलावतो."

तानीच्या हातात ओला फडका होता. काळ्याभोर पात्यावरून शेवटचा हात फिरवून ती नुकती कुठे कंबर सरळ करत होती. तिला वाटलं, पूजेला जागा लागत असेल. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचा टेस्टिंगचा हॉल तसा लहानच होता. मधोमध लोखंडी खांब, त्याच्या टोकाला फिरणारा दांडा, दांड्याच्या एका बाजूला पवनचक्कीचं नमुन्याचं पातं आणि दुसऱ्या बाजूला तोलासाठी वजन. भिंतीशी मोठाले दिवे आणि टेबलावर परदेशी पाहुण्याने जपून आणलेला कॅमेरा आणि त्याचा पडदा.

"मंग बारकीला पन बोलावते बाहेर," ती म्हणाली. तिच्याबरोबर फिनिशिंगला असलेली बारकी पात्याच्या पलीकडे उभी होती.

"नको. बारकी ऱ्हाऊ दे."

"मंग मीच का?"

उत्तर शेखरच्या पाठीमागेच उभं होतं. कारखान्याचे मॅनेजर पोतदार साहेब होते, आणि त्यांची बायको जरीची साडी नेसून, हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन तानीच्या रिकाम्या कपाळाकडे बघत होती. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. बाईंनी सकाळीच फिनिशिंगच्या सगळ्या बायकांना तिळगूळ वाटला होता आणि प्लास्टिकचे डबे वाण म्हणून दिले होते. तानीपर्यंत आल्यावर त्यांचं तबक असं काही वळलं होतं, जसं वाटेत खड्डा दिसल्यावर जीप वळते.

तानी बाहेर गेली आणि दारापाशीच उभी राहिली. आपल्याला राग आला आहे हे तिला कळायला थोडा वेळ लागला, कारण राग यायची तिला सवय नव्हती.

तिचा नवरा यमाजी वीटभट्टीवर गेला तो तिथेच तापाने गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. वाडीत तिला कुणी कधी बाजूला हो म्हटलं नव्हतं. लग्न असलं की हळद कांडायला तीच, नाचायला तीच, आणि रात्री भांडीही तीच घासायची. असला विटाळ पाळायलासुद्धा माणसाने थोडं शिकलेलं असावं लागतं, आणि वाडीतली शाळा चौथीपर्यंतच होती. पोतदारबाई एम. ए. होत्या.

आता हे पातं. हे पातं तानीचं होतं असं म्हटलं तर कारखान्यात कोणी नाही म्हटलं नसतं. साच्यातून काढलं तेव्हा ते कच्च्या फणसाच्या सालीसारखं खरबरीत होतं. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, सुकली की घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाणी लावून त्याहून बारीक. काचेच्या तंतूंची भुकटी अंगाला लागली की अशी खाज सुटते की जेवणाकडेही लक्ष लागत नाही. बायका घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवायच्या. तानी हे काम करत आली होती ठेकेदाराच्या हाताखाली, आज आहे उद्या नाही अशा भरवशावर. पण या पात्याच्या वेळी पोतदार साहेबांनी स्वतः शेडमध्ये येऊन सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "टेस्ट पास झाली, ऑर्डर मिळाली, की तानीला कायम करायची. शब्द देतो." कायम म्हणजे गेटवर पास, म्हणजे पावसाळ्यातही चूल पेटती, म्हणजे पोरगी प्रमिला भट्टीवर न जाता शाळेत. दिवाळीपासून तानी हा एकच शब्द मनात घेऊन पातं घासत होती.

शेखर हा शेणवे गावचा पोरगा. डिप्लोमा करून इथे लागला, रोज मोटारसायकलवरून येई. गावचा म्हणून बायकांशी बोले तरी नीट. टेस्ट म्हणजे काय हे त्यानेच त्यांना समजावलं होतं. "पातं फिराया लागला का वारा त्याच्यावरून पयला गपगुमान सरकतो. मंग कुटंतरी तो बिघडतो, खळबळतो. ती जागा कुटं हाय ती आपल्याला बघायची हाय. वारा तं दिसत नाय. मंग काय करायचं? पात्याला दिव्यांनी तापवायचं. गरम भातावर नुसता वारा गेला तं तो हळूहळू निवतो, पन फुंकर मारली का लवकर निवतो, व्हय का नाय? तसा खळबळलेला वारा पात्याला लवकर निववतो. पावन्याच्या कॅमेऱ्याला गरमी दिसते. जिथं गरम तिथं पांढरं, जिथं निवला तिथं काळं. पातं फिरत असला तरी दर फेऱ्याला त्याच जागी आला का तो फोटो काढतो."

"आनि माझा काय काम?" तानीने विचारलं होतं.

"तुमचं काम हेच का पुढच्या कडेला काय बी राहता कामा नये. तांदळाच्या कणीएवढा जरी राहिला ना, तरी तिथून वारा आधीच बिघडतो आनि मागं काळी पाचर पडते. पावना म्हनेल, ह्यांना पातं करता येत नाय."

तेव्हापासून तानीने त्या कडेवर डोळे मिटून बोट फिरवायची सवय लावली होती. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं. काल संध्याकाळी बोट कुठेच अडलं नाही, आणि ती खुशीत घरी गेली होती.

दाराच्या काचेतून तिला आता सगळं दिसत होतं. नारळ फुटला. पाहुण्याच्या गळ्यात हार पडला, त्याच्या गोऱ्या कपाळावर पोतदारबाईंनी कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला, आणि तो बिचारा तिळाचा लाडू दातांनी फोडायचा प्रयत्न करत हसत राहिला. मग पाहुणा पाठ वळवून कॅमेऱ्याच्या वायरी जोडायला लागला आणि बाई पात्याकडे वळल्या. बोट ओल्या कुंकवात बुडवून त्यांनी नेमकं पुढच्या कडेवर बोट टेकवलं. हळद लावली, पुन्हा कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. बारकीने नमस्कार केला, शेखरने केला, पोतदार साहेबांनी डोळे मिटून केला.

तानीने काचेवर टकटक केलं. शेखरने तिच्याकडे पाहिलं आणि हातानेच थांब म्हणून खूण केली.

मग पातं फिरायला लागलं. दाराबाहेरसुद्धा त्याचा घोंगावणारा आवाज छातीत येत होता. बराच वेळ तो चालला आणि मग हळूहळू खाली बसला. आत सगळे टेबलाभोवती जमले. मग पोतदार साहेबांचा आवाज आला, "पॉलिश कोणी केलंय ह्याचं? बोलवा तिला!"

आता बोलावणं आलं. आता विटाळ झाला नाही.

तानी आत गेली तेव्हा सगळे टेबलावरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर तिचं पातं होतं. पुढचा पट्टा पांढरा, मागचा काळा, आणि दोघांमधली सीमा एकदम सरळ, वरपासून खालपर्यंत. फक्त मध्यावर, पुढच्या कडेच्या एका ठिपक्यापासून सुरू होऊन मागे रुंद होत गेलेली काळी पाचर त्या पांढऱ्या पट्ट्यात घुसली होती.

"हे काय आहे?" पोतदार साहेब गरजले. "महिनोन् महिने काय घासत होतीस? तुम्ही लोक तंबाखूच्या, मिश्रीच्या हातांनी काम करणार आणि नाक आमचं कापलं जाणार!"

तानी मिश्री लावत नव्हती. लावत असती तरी ती दातांना लावली असती, पात्याला नाही. पण ज्याला ओरडायचंच असतं त्याला कारण हवं असतं, खरं कारण हवं असतं असं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची रीत काही मुरबाडात जन्मली नाही, पण तिथे ती व्यवस्थित मुक्कामाला आहे.

शेखर साहेबांच्या कानाशी वाकला. तानी जवळ होती, तिला ऐकू आलं. "सर, ते पॉलिश नाहीये. तिथे मॅडमनी कुंकू लावलंय. तांदळाचा दाणाही चिकटलाय अजून."

"हळू बोल," साहेब म्हणाले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. ओरडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मग ते पाहुण्याकडे वळून तोंडभर हसले आणि इंग्रजीत काहीतरी बोलले. तानीला इंग्रजी येत नव्हतं, पण 'फिनिशिंग' हे तिच्या शेडचं नाव होतं आणि 'लेबर' हे तिचं. दोन्ही शब्द बोलताना साहेबांचं बोट तिच्याकडे होतं. पाहुण्याने तिच्याकडे पाहून हळहळून मान हलवली. नापास पोराकडे बघून मास्तर हलवतो तशी.

साहेबांनी पाहुण्याला चहाकडे नेलं, काजूची बशी पुढे केली, आणि लगबगीने परत आले. "तो बघायला यायच्या आत पुसा ते. शेखर, पूस."

शेखर चाचरला. "सर, पूजेचं कुंकू... मॅडमसमोरच... बायकांपैकी कुणी..."

"बारकी, तू पूस."

बारकी दोन पावलं मागे सरकली. "नाय ओ साहेब. सवाशिनीनं कुंकू कसा पुसू? माझा नवरा ट्रकवर हाय, घाटातून जातो-येतो."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बाईंचा हात मंगळसूत्रावर गेला होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटकेचा भाव आला, आणि त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, ह्या पुसतील ना. ह्यांना चालतं."

त्यांच्या बोलण्यात खुन्नस नव्हती, हेच जास्त वाईट होतं. भाजीवालीला 'मोडकी मेथी गाईला घाल' सांगावं इतक्या सहज त्या बोलल्या. तानीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. यमाजी गेला तेव्हा बांगड्या फोडताना ती रडली होती, पण तेव्हाही कुणी तिला म्हटलं नव्हतं, की बाई, आता तुझ्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जगाचं अशुभ तूच उचल.

"लावाया मी चालत नवते," ती म्हणाली, "आनि पुसाया चालते व्हय?"

"वाद घालू नकोस," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "वेळ नाही."

"पुसते. आत्ता पुसते. पन आधी त्या पावन्याला सांगा का ह्यो डाग तानीच्या हातचा नाय."

"नंतर सांगतो."

"आता सांगा. माझ्याकडं बोट आता दावलात ना?"

"तानी," साहेबांनी आवाज आणखी खाली आणला, "तुला कायम व्हायचंय ना?"

तो शब्द तानीच्या कानावर पडला. प्रमिलेचं दप्तर तिच्या डोळ्यांपुढे आलं, पावसाळ्यातली थंड चूल आली. एक फडका फिरवायचा होता, बस्स. तिने पडद्याकडे पाहिलं. ती सरळ सीमा तिच्या बोटांनी केली होती, त्या काळ्या पाचरीएवढी जागा सोडली तर सगळीच. ती जर आता गप्प बसून पुसती, तर ती पाचर जन्मभर तिच्या नावावर राहिली असती. कायम झाली असती ती, पण कोण म्हणून?

ती शेखरकडे वळली. "शेखरदादा, तुमाला विंग्रजी येतो. तुमी सांगा त्याला."

शेखरने पाहुण्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि दिव्याची वायर गुंडाळायला घेतली. ती वायर गुंडाळायची काही गरज नव्हती, दिवे अजून लागणारच होते. भातावरची फुंकर, वाऱ्याची खळबळ, सगळं त्याला समजावता येत होतं. एक वाक्य मात्र त्याच्याच्याने बोलवेना. मूग गिळायला डिप्लोमा लागत नाही, पण असला की ते अधिक नीट गिळता येतात.

तानीने फडका टेबलावर ठेवला, घडी घालून. "जिनं लावला तिनं पुसावा," ती म्हणाली.

बाई रडवेल्या झाल्या. साहेब दात खाऊन काही बोलणार तेवढ्यात पाहुणा चहाचा कप हातात घेऊनच पात्यापाशी आला. त्याने वाकून पाहिलं, लाल ठिपका पाहिला, चिकटलेला तांदूळ पाहिला आणि मोठ्याने हसला. खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि दोन हातांत कड स्वच्छ केली. मग त्याच रुमालाने त्याने आपल्या कपाळावरचा टिळाही पुसून टाकला. कोणाचं काही वाकडं झालं नाही. छप्पर जागच्या जागी राहिलं.

तानीला वाटलं, चला, आता तरी त्याला कळलं. पाहुण्याने रुमालावरचा लाल डाग दाखवून साहेबांना काहीतरी विचारलंही. साहेबांनी खांदे उडवले, हसले, आणि पुन्हा त्यांचं बोट तानीकडे वळलं. पुन्हा तोच शब्द आला, लेबर.

"काय सांगतला त्यांनी?" तानीने विचारलं.

शेखरने वायरला आणखी एक वेढा दिला.

"दादा, काय सांगतला?"

"ते म्हनतात..." तो वायरकडेच बघत पुटपुटला. "कामगार बाया अडानी असतात, अंधश्रद्धा असते. त्यांनीच गुपचूप कुंकू लावला."

बारकीने तोंडावर हात ठेवला.

ज्या बाईला कुंकवाच्या वाऱ्याला उभं करायचं नाही म्हणून दाराबाहेर काढलं, तिनेच ते कुंकू लावलं! माणूस खोटं बोलतो हे समजू शकतं. पण खोटं बोलतानाही त्याने निवडलं कुणाला? तानीला कडवट हसू आलं. आता तिला कसलीच घाई वाटेना. दप्तर, चूल, गेटपास, सगळं तिथेच होतं आणि तरी त्याच्या आड हे खोटं लपत नव्हतं.

पुन्हा टेस्ट घ्यायची ठरली. पाहुण्याने दिवे बंद करायला लावले. आधी पातं पूर्ण निवायला हवं होतं, सगळीकडून एकसारखं. माघाचा गारठा हॉलमध्ये होताच. बघता बघता पडद्यावरचं पातं राखाडी झालं, कुठे पांढरं नाही की कुठे काळं नाही. पाहुण्याने सगळ्यांना मागे राहायची खूण केली आणि तो कॅमेऱ्यापाशी जाऊन बसला.

तानी मात्र पुढे गेली.

"ए! लांब हो! हात लावू नकोस!" साहेब ओरडले.

सकाळपासून हेच तर चाललं होतं. तानी पात्यासमोर उभी राहिली. जिथे कुंकू होतं, तिथे नव्हे, त्याच्या अंमळ मागे, पात्याच्या रुंद पाठीवर तिने आपला उजवा हात ठेवला. अख्खा, पाचही बोटं पसरून. आयुष्यभर ज्या हाताने घासलं, कांडलं, निवडलं, तो हात तिने तिथे दाबून धरला आणि पाहुण्याकडे बघत म्हणाली, "मी तानी. ह्यो माजा हात. ह्या हातानं ह्यो पातं केलाय. कुंकू ह्या हातानं नाय लावला."

पाहुण्याला त्यातलं एक अक्षरही कळलं नसेल. तिला त्याची फिकीर नव्हती. तिला ते पात्याला हात ठेवून बोलायचं होतं, आणि ती बोलली.

"नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ!" साहेबांचा आवाज फाटला. "उद्यापासून गेटवर दिसलीस तर बघ!"

"जाते," ती म्हणाली. हात काढला आणि दाराकडे चालू लागली. मागून पाहुण्याचा चमकलेला आवाज आला, तशी तिने वळून बघितलं.

राखाडी पात्यावर, पडद्याच्या बरोबर मध्यावर, एक पांढराशुभ्र पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, बोटांवरच्या पेरांच्या रेघासुद्धा. पात्यावर नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर काहीच नव्हतं, काळा रंग जसाच्या तसा.

पोतदार साहेब रुमाल घेऊन धावले. त्यांनी पातं खसाखसा पुसलं. पडद्यावर पंजा गेला नाही. उलट त्याच्याभोवती आणखी पांढरा डाग पसरला आणि बोटं जास्तच उजळली. त्यांनी अजून जोरात घासलं. ते अजून उजळलं.

"सर, पुसू नका," शेखर म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "घासलं की आणखी तापतं. आपोआप निवेल तेव्हाच जाईल. तोवर मशीन चालू नाही करता येणार."

साहेबांनी हात खाली घेतला. पाहुणा खुर्चीत मागे टेकला. मग शेखर, बारकी, पोतदार साहेब आणि तबक धरून उभ्या असलेल्या बाई, सगळे पडद्याकडे तोंड करून, तानीचा हात निवायची वाट बघत उभे राहिले.